नोंदवहीबाहेरचे रुग्ण

क्षयरोगाच्या सरकारी अहवालांत एक आकडा वर्षानुवर्षे ठळकपणे छापला जात आला आहे: उपचार सुरू केलेल्या दर शंभर नव्या रुग्णांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास रुग्ण बरे होतात. हा आकडा खोटा नाही. पण २०१६ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमाचे २०१३ सालचे काम दुसऱ्या टोकाकडून मोजले. संशोधकांनी उपचार घेणाऱ्यांपासून हिशेब सुरू केला नाही. त्या वर्षी देशात जे अंदाजे २७ लाख क्षयरोगी होते, तिथून सुरू केला. त्यांपैकी ७२ टक्के सरकारी तपासणीपर्यंत पोहोचले. ६० टक्क्यांचे निदान झाले. ५३ टक्क्यांची उपचारासाठी नोंद झाली, ४५ टक्क्यांनी उपचार पुरे केले आणि त्यानंतर वर्षभर रोग न उलटता जगले ते ३९ टक्के. उरलेले सगळे दगावले असा याचा अर्थ नाही. त्यांतले बरेच जण खासगी डॉक्टरांची औषधे घेत होते. मात्र त्यांचे पुढे काय झाले, हे सांगू शकेल असा कागद तेव्हा कुणाकडेच नव्हता.

पंच्याऐंशी आणि एकोणचाळीस हे दोन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच रोगाचे. फरक आहे तो मोजणी कुठून धरली याचा. नोंदवहीत नाव आल्यावर मोजायला लागले की कार्यक्रम चांगला चाललेला दिसतो. रोग जडल्यापासून मोजले की निम्म्याहून अधिक रुग्ण वाटेतच गळालेले दिसतात. मोठी लोकसंख्या खेड्यापाड्यांत राहणाऱ्या भारतासारख्या देशात ही गळती औषध निकामी असल्यामुळे होत नाही. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी साधा क्षयरोग बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गळती होते ती रुग्ण आणि गोळी यांच्यामधल्या अंतरात. म्हणून क्षयरोगावर देखरेख ठेवणे हे औषधोपचाराच्या मागून येणारे कारकुनी काम मानणे चुकीचे आहे. आपण ज्याला मोजत नाही तो रुग्ण खोकत राहतो, आणि उपचार न मिळालेला एक संसर्गजन्य रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना जंतूंचा प्रसाद देऊ शकतो. मोजणीची सुरुवात दवाखान्याच्या दारापासून न करता वस्तीपासून केली, तरच या रोगावर ताबा मिळेल.

हे शहाणपण आजचे नाही. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर नमुना पाहणी केली, तोवर क्षयरोग हा गिरण्यांच्या धुराचा, चाळींचा, दाटीवाटीच्या शहरांचा रोग समजला जात असे. पाहणीत आढळले की खेड्यांतले प्रमाण शहरांइतकेच आहे. देशातली बहुसंख्य माणसे तेव्हा खेड्यांत असल्याने बहुसंख्य रुग्णही तिथेच होते, आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मात्र डोंगरावरच्या थंड हवेत. पुढचा धडा मद्रासने दिला. तिथल्या क्षयरोग केंद्रात झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले की गरीब, गर्दीच्या घरात राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममध्ये विश्रांती घेत पौष्टिक खाणाऱ्यांइतकेच बरे होतात आणि त्यांच्यामुळे घरच्यांना असलेला धोकाही वाढत नाही. खाटांची सक्ती संपली. तिसरा धडा बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचा. १९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास मांडला. खेडूत अडाणी, त्याला आपल्या आजाराची जाणीव नाही, हा समज त्यातून मोडीत निघाला. बहुतेक रुग्णांना आपली लक्षणे ठाऊक होती आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांची थुंकी कुणी तपासली नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली हातात देऊन परत पाठवले. म्हणजे चूक दाराबाहेर होती तशी दाराच्या आतही होती, आणि १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाला हे जवळजवळ सुरुवातीपासून माहीत होते.

तरीही पुढची तीस वर्षे कार्यक्रम रडतखडत चालला. निधी कमी, औषधांचा पुरवठा अनियमित, आणि उपचार मध्येच सोडणाऱ्यांचा पाठपुरावा जवळपास नाही. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी भारतात सुधारित कार्यक्रमाचे प्रयोग सुरू झाले, १९९७ पासून तो विस्तारत गेला आणि २००६ पर्यंत सगळे जिल्हे त्याखाली आले. ‘डॉट्स’ म्हणून लोक ओळखतात तो हा कार्यक्रम. आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळणे ही त्याची ओळख बनली, पण त्याचा खरा कणा होता टांझानियात कारेल स्टिब्लो यांनी घडवलेली नोंदवही. दर तिमाहीत दाखल झालेल्या रुग्णांचा एक गट धरायचा आणि त्यातला प्रत्येक जण बरा झाला, दगावला, उपचार सोडून गेला की दुसऱ्या गावी गेला, हे नावानिशी लिहायचे. या शिस्तीमुळे लाखो माणसांचे प्राण वाचले, हे मान्य करायलाच हवे. तिची मर्यादाही तिच्या रचनेतच होती. ७० टक्के रुग्ण शोधणे आणि ८५ टक्के बरे करणे, अशी दोन जागतिक उद्दिष्टे ठरली होती. दुसरे उद्दिष्ट नोंदवहीतून मोजता येत होते. पहिल्यासाठी एकूण रुग्ण किती याचा अंदाज धरावा लागत होता, आणि तो अंदाजच कच्चा होता. शिवाय निदानाचा भार सूक्ष्मदर्शकावर होता. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये दहा हजारांच्या आसपास जंतू असल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत. रोग बळावलेला माणूसच अशा चाळणीत सापडतो.

अंदाज किती कच्चा होता, हे औषधविक्रीने उघड केले. भारतात खोकला झालेला माणूस आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे किंवा सरळ औषधाच्या दुकानात जातो. २०१२ मध्ये क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणे सक्तीचे झाले आणि त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली, तरी सुरुवातीला खासगी क्षेत्रातून नोंदी जेमतेम येत होत्या. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. खासगी बाजारात क्षयरोगाची औषधे किती विकली जातात यावरून त्याने २०१४ साली सुमारे २२ लाख रुग्ण खासगी उपचार घेत असावेत असा हिशेब मांडला. तोवर धरलेल्या संख्येच्या हे दुप्पट-तिप्पट होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या नव्या रुग्णांचा वार्षिक अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेला. रोग एका वर्षात वाढला नव्हता, आपले डोळे थोडे उघडले होते. पुढे २०१३ मधल्या सुमारे १४ लाख नोंदी २०२३ मध्ये साडेपंचवीस लाखांवर गेल्या आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश खासगी क्षेत्रातून आल्या. याउलट २०१९ मध्ये २४ लाख असलेल्या नोंदी करोनाच्या पहिल्या वर्षी १८ लाखांवर घसरल्या. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पहिली गोष्ट वाईट बातमी वाटते आणि दुसरी चांगली. वस्तुस्थिती उलट आहे. २०२० मध्ये सहा लाख माणसांचा क्षयरोग बरा झाला नव्हता, त्यांचा शोध थांबला होता.

दवाखान्याच्या दाराबाहेर किती जण आहेत, याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीने दिले. तीत पंधरा वर्षांवरील दर लाख लोकांमागे फुप्फुसाच्या क्षयरोगाचे ३१६ रुग्ण प्रयोगशाळेतल्या तपासणीने पक्के ठरले. दिल्लीत हे प्रमाण ५३४ होते आणि गुजरातेत १३७. त्याहून बोलकी बाब अशी की लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी कुठेही उपचार घेतला नव्हता, आणि त्याचे मुख्य कारण खर्च हे नव्हते. बहुतेकांनी दुखणे अंगावर काढले होते. दुसरी बाब डॉक्टरांनाही चक्रावून टाकणारी होती. छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के हातून निसटले असते, कारण लक्षणे विचारण्याच्या चाळणीत ते अडकलेच नव्हते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर या, ही आपल्या भिंतींवरची सूचना अशा माणसाला लागूच पडत नाही. मग त्याच्यापर्यंत जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला असलेल्या का माऊ या ग्रामीण प्रांतात हे करून पाहिले गेले. सलग तीन वर्षे घरोघरी जाऊन, लक्षणे असोत वा नसोत, प्रौढांच्या थुंकीची जनुकीय तपासणी केली. त्यानंतर मोजले तेव्हा या वस्त्यांत दर लाखामागे १२६ रुग्ण आढळले. जिथे असा शोध घेतला नव्हता तिथे २२६. याउलट झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत गावागावांत जागृती करून लोकांना थुंकी आणून द्यायला सांगितले गेले, तेव्हा रोगाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. हाक मारून थांबणे आणि दारात जाऊन तपासणे यांत एवढे अंतर आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. व्हिएतनामच्या एका प्रांतात जमले ते सहा लाखांहून अधिक खेड्यांच्या देशात कसे जमावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्यात एक गणितही दडलेले आहे. एक लाख प्रौढांत तीनशेच्या आसपास रुग्ण असतील आणि एखादी चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी फक्त एकाला चुकून रोगी ठरवत असेल, तरी खऱ्या तीनशेंबरोबर खोटे हजार रुग्ण हाती लागतील. त्या हजार जणांच्या माथी सहा महिन्यांची औषधे आणि गावातली कुजबुज विनाकारण येईल. म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी हे उत्तर नाही. जिथे रोग दाट आहे तिथे आधी जायचे: रुग्णाच्या घरची माणसे, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले, मधुमेही, कुपोषित, दगडखाणीत राबणारे, तुरुंगातले कैदी, दुर्गम पाड्यांवरचे आदिवासी. मध्य प्रदेशातल्या सहरिया आदिवासींमध्ये दर लाखामागे हजाराहून अधिक रुग्ण आढळलेले आहेत. तिथे त्याच चाचणीने रोगी ठरवलेल्यांत खोट्यांचा वाटा कितीतरी कमी असतो. शिवाय आधी एक्स-रे आणि संशय आला तरच जनुकीय चाचणी, अशा दोन पायऱ्या ठेवल्या की खोटे निदान घटते. साधनेही आता हाताशी आहेत. हातात धरण्याजोगे एक्स-रे यंत्र पाड्यावर नेता येते, आणि गोव्यातल्या कंपनीने तयार केलेले, बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तासाभरात जंतूचा पत्ता देते. अशा केंद्रित शोधाची मोहीम डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांसाठी काढली गेली. अडचण उरते ती शंभराव्या दिवसानंतरची. आधीच लसीकरण, बाळंतपणे आणि डझनभर सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली असलेल्या आशाताईच्या डोक्यावर आणखी एक तक्ता ठेवून मोहीम कायमची होत नाही. तिला पुरेसा मोबदला आणि जोडीला माणूस द्यावा लागेल.

शोध लागल्यावर टिकवण्याचा प्रश्न येतो, आणि तिथे महाराष्ट्राचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या फडांवर असतात. हंगाम साधारण सहा महिन्यांचा, क्षयरोगाचा उपचारही सहा महिन्यांचा. ज्याचे निदान गावी झाले त्याच्या बहुतेक गोळ्या दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात, पाल ठोकलेल्या जागी घ्यायच्या असतात. तालुक्याच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘उपचार सोडून गेला’ असा शेरा पडतो, प्रत्यक्षात तो उसाच्या फडात असतो. निक्षयमध्ये रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो, पण बटण दाबल्याने गोळ्या कोपीपर्यंत जात नाहीत. कारखान्याच्या गटकार्यालयाने मुकादमाच्या यादीबरोबर रुग्णाचीही खबर आरोग्य केंद्राला दिली, तर हे काम अवघड नाही. अर्धवट औषधाची किंमत मोठी असते. २०१४ ते २०१६ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी तीन टक्क्यांहून कमी जणांत मुख्य दोन औषधांना न जुमानणारा जंतू होता. आधी उपचार घेतलेल्यांत तो सुमारे साडेअकरा टक्क्यांत सापडला.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. इंग्लंडात क्षयरोगाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते. अन्न, घरे आणि मजुरी सुधारली तसा रोग ओसरत गेला. मग आपण यंत्रे आणि नोंदी यांत का गुंतावे, मूळ गरिबीवर घाव का घालू नये? या आक्षेपातला पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे, आणि त्याचा भारतीय पुरावा झारखंडातून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांना आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांना सामावून घेत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना सगळीकडे शिधा मिळाला. निम्म्या गटांत घरच्यांनाही मिळाला: प्रौढामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. या घरांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांतही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यातला मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पण याच निष्कर्षाने आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग निकालात निघतो. रुग्ण सापडल्याशिवाय त्याच्या घरी शिधा जात नाही आणि वजन टिपल्याशिवाय धोका कळत नाही. गरिबी हटण्याची वाट पाहणाऱ्या धोरणात आजचा रुग्ण मरतो. २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये जमा करण्याची योजना आहे. तिचा हिशेब मात्र वाटलेल्या रकमेत दिला जातो. किती रुग्णांना पैसे पहिल्या महिन्यात पोहोचले आणि दोन महिन्यांनी किती जणांचे वजन वाढले, हे आकडे प्रत्येक तालुक्याच्या फळ्यावर असायला हवेत. त्यासाठी लागणारा वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात आधीपासूनच आहे.

तिसरा आक्षेप मोजणीवरच आहे: आकड्यांना बक्षीस लागले की आकडे सुधारतात, रोग तसाच राहतो. त्याचा विचार ‘टीबीमुक्त ग्रामपंचायत’ या योजनेच्या संदर्भात करावा लागतो. ग्रामपंचायतीला हा मान मिळण्यासाठी हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान तीस संशयितांची तपासणी व्हावी आणि नोंदलेले रुग्ण हजारी एकाहून अधिक नसावेत, अशा अटी आहेत. उपचार यशाच्या आणि पोषण मदतीच्या अटी वेगळ्या. तपासणीची अट शहाणपणाची आहे, कारण न शोधता ‘रुग्ण नाहीत’ म्हणण्याची वाट तिने बंद केली. रुग्णसंख्येच्या अटीत मात्र दोन दोष राहतात. पहिला उघड आहे: वर्षअखेरीस सापडलेला दुसरा रुग्ण सरपंचाला नकोसा होऊ शकतो. दुसरा दोष लहान संख्यांचा आहे. २०२३ च्या अंदाजानुसार देशात लाखामागे वर्षाला १९५ नवे रुग्ण होतात, म्हणजे हजाराच्या गावात सरासरी दोन. अगदी सरासरीइतकाच रोग असलेली अशी शंभर गावे घेतली, तरी एखाद्या वर्षी त्यांतल्या सुमारे चाळीस गावांत निव्वळ योगायोगाने एकच रुग्ण निघेल किंवा एकही निघणार नाही. त्यातली काही पुढच्या वर्षी प्रमाणपत्र गमावतील, आणि दोन्ही वेळा गावाने वेगळे काही केलेले नसेल. यावरचा उपाय मोजणी सोडून देणे हा नाही. गावाला जे त्याच्या हातात आहे त्यावर जोखावे: किती जणांची तपासणी केली, घरच्यांना प्रतिबंधक औषध मिळाले का, कुणाचा उपचार तुटला का. रोग कमी झाला की नाही, हे जिल्ह्याच्या पातळीवर, काही वर्षांच्या आकड्यांवरून आणि कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या संस्थेच्या पाहणीतून ठरवावे.

आणि मोजमाप एकतर्फी नसावे. रुग्णाने गोळी चुकवली की वहीत नोंद होते; सरकारची गोळी चुकली की कुठे होते? मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना काही महिन्यांसाठी क्षयरोगाची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले, तेव्हा पुरवठ्याची ओढाताण चव्हाट्यावर आली. कोणत्या केंद्रात किती दिवसांचा साठा उरला आहे, हा आकडा रुग्णांच्या आकड्यांइतकाच सार्वजनिक असला पाहिजे.

२०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करायचे, असे भारताने ठरवले होते. २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेले प्रमाण २०२४ पर्यंत १८७ वर आले, म्हणजे सुमारे २१ टक्के घट. उद्दिष्ट हुकले, तरी ही घट जगाच्या सरासरीहून वेगवान आहे आणि तिचे श्रेय सापडलेल्या प्रत्येक जास्तीच्या रुग्णाला आहे. आता नवी तारीख जाहीर करण्याआधी एक गोष्ट करता येईल. २०१३ च्या वर्षाचा जो सलग हिशेब संशोधकांनी मांडला, तो सरकारने दर वर्षी, जिल्हावार, स्वतः मांडावा: अंदाजे रुग्ण किती, तपासले किती, निदान किती, उपचारावर किती, बरे किती आणि वर्षानंतर धडधाकट किती. खासगी उपचार घेणारेही त्यात आले पाहिजेत. कुठल्या जिल्ह्यात कोणत्या पायरीवर माणसे गळतात हे त्यातून दिसेल. एकाला एक्स-रे यंत्र हवे असेल, दुसऱ्याला शिधा, तिसऱ्याला फडापर्यंत गोळ्या नेणारा माणूस. हे आकडे सुरुवातीला कुणालाच आवडणार नाहीत, कारण ते पंच्याऐंशीपेक्षा एकोणचाळीसच्या जवळचे असतील. पण निधी कुठे घालायचा हे पंच्याऐंशीच्या आकड्यावरून कधीच कळले नाही.